लहान लेथची मोटर: वेग हवा की जोर?

लहान लेथ घरात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोटर किती एचपीची लावायची? पाठोपाठ दुसरा येतो: वेग कमीजास्त करायला कुठला ड्राइव्ह घ्यायचा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. चकमध्ये जॉब कुठला बांधला जाणार, त्याचा व्यास किती आणि धातू कोणता? याचे उत्तर मिळाले की मोटरचा निम्मा निर्णय आपोआप होतो. ते नसले की चांगली मोटर आणि महागडा ड्राइव्ह घेऊनही लेथ पहिल्याच जाड कटला अडकून उभा राहतो.

वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती घडवणाऱ्या छंदिष्टाचे उदाहरण घेऊ. इंजिनाचे बिडाचे फ्लायव्हील १०० मिलिमीटर व्यासाचे आहे. हायस्पीड स्टीलच्या टूलने बीड कापायचे तर कापण्याचा वेग मिनिटाला साधारण २० मीटर ठेवावा लागतो. चाकाचा परीघ ३१४ मिलिमीटर, म्हणजे स्पिंडलने मिनिटाला ६४ फेरे घ्यायचे. त्याच इंजिनातला ६ मिलिमीटर जाडीचा पितळी भाग मिनिटाला ६० मीटरने कापायचा झाला, तर फेरे ३१०० च्या वर जातात. एकच माणूस, एकच मशीन, एकच इंजिन, आणि गरजेत पन्नासपट अंतर.

ही दोन टोके सारख्या महत्त्वाची नाहीत, हे या विषयातले कळीचे सत्य आहे. पितळेचा बारीक तुकडा ३१०० ऐवजी ६०० फेऱ्यांवर कापला तर वेळ जास्त लागतो, एवढेच. धारदार हायस्पीड स्टीलच्या टूलने तोही नीट उतरतो. बिडाचे मोठे चाक मात्र ३०० फेऱ्यांवर फिरवले तर टूल कापताना मिनिटाला ९४ मीटरने धावते, वरच्या कडक सालीवर घासते आणि टोक काही क्षणांत जळून बोथट होते. वरचा वेग कमी पडला तर धीर धरून भागते. खालचा वेग नसला तर काम होतच नाही. जाहिरातीत मात्र ठळक अक्षरांत छापलेला असतो तो वरचा वेग.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन गावी मायफर्ड कंपनीने १९४६ मध्ये एमएल७ हा लेथ बाजारात आणला. साडेतीन इंच सेंटर हाइट, पट्ट्यावर चालणारे तीन वेग आणि बॅकगिअर लावून आणखी तीन. सर्वांत कमी ३५ फेरे, सर्वांत जास्त ६४०. आजच्या मानाने ६४० हा आकडा किरकोळ वाटेल. पण आगगाडीची इंजिने, घड्याळे आणि पेट्रोल इंजिनांच्या प्रतिकृती करणाऱ्या एका पिढीने अर्धा एचपीच्या आसपासच्या मोटरवर याच लेथने आयुष्यभर काम केले. कारण खालच्या टोकाला होते. मोटर चाळीस फेरे घेते तेव्हा ३५ च्या टप्प्यावर स्पिंडल जेमतेम एकदा फिरतो, आणि मोटरचा जोर घर्षणातले नुकसान वजा जाता चाळीस पटीने वाढून जॉबवर येतो.

हा जोर, म्हणजे टॉर्क, किती लागतो याचा हिशोब अवघड नाही. माइल्ड स्टीलच्या १०० मिलिमीटर तबकडीवर एक मिलिमीटर खोलीचा कट आणि फेऱ्याला ०.१ मिलिमीटर फीड दिली, तर टूलवर ढोबळमानाने २५० न्यूटन दाब येतो. केंद्रापासून ५० मिलिमीटर अंतरावर तो दाब पेलायला स्पिंडलला १२.५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. मिनिटाला ३० मीटर, म्हणजे ९५ फेऱ्यांवर, या कामाची शक्ती निघते जेमतेम १२५ वॅट. अर्धा एचपीची, म्हणजे ३७० वॅटची मोटर त्याच्या तिप्पट शक्तीची आहे. पण तीच मोटर १४४० फेऱ्यांवर फक्त २.४५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. तिला पट्ट्याने एकास एक जोडून इलेक्ट्रॉनिक्सच्या भरवशावर ९५ फेऱ्यांवर आणली, तरी टॉर्क तेवढाच राहतो आणि गरजेच्या पाचव्या हिश्शाला पुरतो. शक्ती मुबलक आहे, ती पोचवणारी पुली चुकली आहे. चढावर सायकलचा गिअर न बदलता नुसते हळू पेडल मारण्यातला प्रकार हाच.

चिनी बनावटीचे सात इंची मिनी लेथ गेली काही दशके जगभर विकले जातात. त्यातले सीग कंपनीचे सी३ हे मॉडेल पुष्कळांना माहीत आहे. त्यात ३५० वॅटची ब्रशवाली डीसी मोटर, एक नॉब आणि हेडस्टॉकमध्ये कमी-जास्त असे दोन टप्पे असतात. वरचा टप्पा २५०० फेऱ्यांपर्यंत जातो. कागदावर हे एमएल७ पेक्षा कितीतरी सरस दिसते. नॉब फिरवून तोच टप्पा २५० वर आणा, मोटर सतत देऊ शकेल अशी शक्ती ३५ वॅटवर येते. खालचा टप्पा टाकला तर ती दुपटीच्या थोडी वर जाते. वरच्या उदाहरणातला कट त्याला जड जातो. टूल अडकते, चक थांबते, मोटरमधून प्रचंड करंट वाहतो आणि बोर्डावरचे ट्रान्झिस्टर जळतात. अशा लेथवर कट पाव मिलिमीटरवर ठेवावा, आणि शक्य असेल तेव्हा पट्ट्याचा आणखी एक कमी टप्पा बसवून घ्यावा. मोटर बदलण्याच्या आधी करायची ही सुधारणा आहे, आणि तिचा फरक पहिल्याच जॉबवर जाणवतो.

विजेने वेग बदलण्याची हौस नवी नाही. निकोला टेस्लाला इंडक्शन मोटरची पेटंटे १८८८ मध्ये मिळाली, आणि पुढच्या तीनचार वर्षांत अमेरिकेत हॅरी वॉर्ड लिओनार्डने जनरेटरच्या साह्याने डीसी मोटरचा वेग हवा तसा बदलण्याची पद्धत आणली. ओहायोतल्या सिडनी गावच्या मोनार्क कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर काढलेला १०ईई हा टूलरूम लेथ याच तत्त्वावर चालायचा. एसी मोटर जनरेटर फिरवायची आणि जनरेटर तीन एचपीच्या डीसी मोटरला वीज पुरवायचा. पुढे त्या जागी थायरेट्रॉन नळ्या आल्या. लेथच्या इतिहासातल्या अतिशय देखण्या यंत्रांपैकी हे एक. आणि वेग शून्यापासून हवा तसा मिळत असतानाही त्याच्या अभियंत्यांनी मोटर आणि स्पिंडलच्या मध्ये बॅकगिअर ठेवलाच. ज्यांच्या हाती पैसा आणि ज्ञान दोन्ही होते त्यांनी गिअर टाळला नाही, ही गोष्ट नॉबवर विसंबणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवी.

आता मोटरींकडे. भारतात घरी मिळतो तो २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा सिंगल फेज पुरवठा. त्यावर सर्वांत स्वस्त आणि सोपी ती कंडेन्सर स्टार्ट सिंगल फेज इंडक्शन मोटर, चार पोलची, १४४० फेऱ्यांच्या आसपासची. पिठाच्या गिरण्यांत आणि पाण्याच्या पंपांवर हीच जात वर्षानुवर्षे राबते. रिवाइंडिंग गावोगावी होते, कंडेन्सर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तीन टप्प्यांची पुली आणि बॅकगिअर असलेल्या जुन्या लेथला ती उत्तम चालते. तिच्या मर्यादा मात्र आधी कळलेल्या बऱ्या. तिचा टॉर्क सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, आणि बारीक फिनिशच्या कटवर त्याची नक्षी उमटू शकते. मोटरखाली रबर बसवले तर ती बरीच कमी होते. फिरती मोटर उलटवायला स्विच पालटला तर ती उलटत नाही. पूर्ण थांबल्यावरच उलट दिशा घेते. ग्रामीण भागात संध्याकाळी व्होल्टेज पडते तेव्हा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० चे १९० झाले की जेमतेम ६८ टक्के टॉर्क उरतो.

या मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करण्याचा प्रयोग पुष्कळ ठिकाणी होतो, आणि तो मोटर जाळणारा आहे. इंडक्शन मोटरचा वेग मुख्यतः पुरवठ्याच्या हर्ट्झवर आणि पोलांवर ठरतो. व्होल्टेज कमी केल्याने ती फक्त दुबळी होते. पंख्याचे भागते, कारण वेग उतरला की हवेचा विरोधही झपाट्याने उतरतो. लेथवर टूलचा दाब तसाच राहतो. त्यात वेग फार घसरला की मोटरमधला सेंट्रिफ्यूगल स्विच पुन्हा जुळतो, काही सेकंदांपुरते बनवलेले स्टार्टिंग वाइंडिंग सतत वीज खाते आणि थोड्याच वेळात जळक्या वार्निशचा वास येतो.

मिक्सर, ड्रिल किंवा राउटरच्या युनिव्हर्सल मोटरवर फार शब्द खर्च करू नयेत. ती हजारो फेऱ्यांवर धावते, कर्कश ओरडते आणि लोड आला की वेग टाकते. घड्याळजीच्या आकाराचा लेथ सोडला तर तिची जागा लेथवर नाही.

ट्रेडमिलची मोटर हा जरा विचार करण्याजोगा पर्याय आहे. भंगारात ती स्वस्तात मिळते, कायम चुंबकाची डीसी मोटर असते आणि खालच्या वेगालाही टॉर्क टिकवते. पण पाटीवरचे दोन-अडीच एचपी हे ४००० च्या पुढच्या फेऱ्यांवरचे आणि थोड्या वेळापुरते असतात. अंग उघडे असल्याने धातूचा किस आत ओढला जातो, म्हणून जाळीची पेटी करावी लागते. फ्लायव्हील आणि पुलीचे आटे पुष्कळ मोटरींत डावे असतात, त्यामुळे लेथ उलटा फिरवताना ते सुटू शकतात. सर्वांत गंभीर गोष्ट तिच्यासोबत येणाऱ्या बोर्डाची. बऱ्याच ट्रेडमिल बोर्डांत वेगाच्या नॉबच्या तारा मेन्सपासून वेगळ्या केलेल्या नसतात, त्यांच्यावर जिवंत वीज असते. उघड्या धातूच्या पॅनेलवर असा नॉब बसवणे हे जिवाशी खेळणे आहे. हे काम विजेची जाण असलेल्यानेच हाती घ्यावे.

शिलाईच्या कारखान्यांत जुन्या क्लच मोटरींच्या जागी ब्रशलेस सर्वो मोटरी आल्या, ५५० ते ७५० वॅटच्या, २३० व्होल्टवर चालणाऱ्या, कंट्रोलर अंगालाच जोडलेला. लाकडाच्या आणि छोट्या धातूच्या लेथवर त्या चांगल्या चालतात. आवाज जवळजवळ नाही, वेग आकड्यांत दिसतो. त्यांची रचना मात्र थांबत-थांबत शिवणाऱ्या सुईसाठी केलेली आहे. २०० फेऱ्यांवर तासभर जाड कट घ्यायला लावले तर त्या तापतात. दोनतीन टप्प्यांची पुली मध्ये टाकली की ही तक्रार बहुतांशी मिटते. ई-सायकलच्या ब्रशलेस मोटरींचेही असेच, वर ४८ व्होल्टच्या वीजपुरवठ्याचा खर्च वेगळा.

सीएनसीवरची एसी सर्वो शून्य फेऱ्यांवरही पूर्ण टॉर्क देते, म्हणून तिचे आकर्षण मोठे. ७५० वॅटची प्रचलित सर्वो ३००० फेऱ्यांपर्यंत सतत २.४ न्यूटन-मीटर देते, क्षणभरासाठी त्याच्या तिप्पट. सुंदर यंत्र आहे, पण १००० फेऱ्यांवर तीसुद्धा २५० वॅटचीच असते. पुलीचा नियम तिलाही चुकत नाही.

या सगळ्यांना तोलून पाहिले तर १०० ते २५० मिलिमीटर स्विंगच्या घरगुती लेथसाठी आज सर्वांत समतोल निवड उरते ती थ्री फेज इंडक्शन मोटर आणि सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी. व्हीएफडी घरच्या विजेचा आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि त्यातून हव्या त्या हर्ट्झचे तीन फेज तयार करतो. हर्ट्झ बदलले की मोटरचा वेग खऱ्या अर्थाने बदलतो, टॉर्क ५० हर्ट्झच्या खाली जवळजवळ कायम राहतो. त्या वर मात्र शक्ती तेवढीच राहून टॉर्क उतरत जातो. तीन फेजचा टॉर्क अखंड असल्याने फिनिशही जास्त गुळगुळीत येते. ब्रश नाही, सेंट्रिफ्यूगल स्विच नाही, बिघडण्याजोगे फारसे काही नाही.

ड्राइव्ह येण्याआधीही थ्री फेज मोटर सिंगल फेजवर चालवली जात होतीच. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कंडेन्सर लावून विहिरीवरचा पंप चालवण्याची युक्ती सांगावी लागत नाही, आणि त्यात मोटर कशी तापते हेही तो जाणतो. लेथवर ती युक्ती चालते, पण शक्ती दोनतृतीयांशाच्या आसपास राहते आणि वेग बदलता येत नाही. व्हीएफडी स्वस्त झाल्यावर तिचे कारण संपले.

मोटर घेताना नेमप्लेट वाचणे हे सर्वांत महत्त्वाचे काम. भारतात लहान थ्री फेज मोटरी पुष्कळदा ४१५ व्होल्ट स्टारसाठी गुंडाळलेल्या असतात. घरच्या विजेवरचा साधा व्हीएफडी २३० व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही. स्टारमध्येच जोडून ती चालवली तर ५० हर्ट्झवर टॉर्क एकतृतीयांशाच्याही खाली येतो, आणि दोष ड्राइव्हला दिला जातो. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा करता येते. तीनच टोके असतील तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या आत दडलेला असतो, तो उघडून सहा तारा बाहेर काढणे हे रिवाइंडिंगवाल्याचे काम. मुंबईच्या लोहार चाळीत नवी मोटर घेताना किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुनी तपासताना हा एक प्रश्न आधी विचारला की पुढचे हेलपाटे वाचतात. अर्धा एचपीची चार पोल मोटर साधारण ७१ फ्रेममध्ये, १४ मिलिमीटर शाफ्टची येते. पाऊण ते एक एचपीची ८० फ्रेममध्ये, १९ मिलिमीटर शाफ्टची. लेथमागे जागा किती आहे ते या मापांवरून आधीच मोजून ठेवता येते. सहा पोलची, ९४० फेऱ्यांची मोटर मिळाली तर ती वजनाने जड पण लेथला अधिक मानवणारी.

पट्टा आणि व्हीएफडी यांची सांगड कशी घालावी? समजा, ५० हर्ट्झवर स्पिंडलचे तीन वेग १५०, ४५० आणि १३०० असे आहेत. ड्राइव्ह २५ ते ७५ हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात वापरला, तर पहिला टप्पा ७५ ते २२५, दुसरा २२५ ते ६७५ आणि तिसरा ६५० ते १९५० व्यापतो. कुठेही खंड नाही, मोटर कधी गुदमरत नाही, आणि सर्वांत खालच्या टप्प्यावर अर्धा एचपीतून २३ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क मिळतो. वर मोजलेल्या कटच्या जवळजवळ दुप्पट. त्यासाठी १४४० वरून १५० वर यायला काउंटरशाफ्ट किंवा बॅकगिअर लागतो, आणि त्यावर केलेला खर्च ड्राइव्हवरच्या खर्चापेक्षा जास्त फळ देतो. २० हर्ट्झच्या खाली मोटर फार वेळ चालवू नये, कारण तिचा थंड करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो आणि तोही मंदावतो. आटे पाडताना काही मिनिटे चालते. दीड मिलिमीटर पिचचा आटा १०० फेऱ्यांवर पाडताना टूल सेकंदाला अडीच मिलिमीटर सरकते आणि खांद्यापाशी हात वेळेवर पोचतो. ४०० वर तेच टूल सेकंदाला दहा मिलिमीटर धावते.

पट्ट्यांपैकी ए सेक्शनचा व्ही-बेल्ट लहान पुलीवर वळताना झिजतो. वॉशिंग मशीनमध्ये असतो तो बारीक खाचांचा पॉली-व्ही पट्टा लहान पुलीवर सहज वळतो आणि थरथर कमी करतो. दातेरी पट्टा सरकत नाही म्हणून लोकांना आवडतो, पण टूल अडकल्यावर पट्टा सरकणे हेच लहान लेथचे रक्षण असते.

जोडणीतल्या काही गोष्टींना पर्याय नाही. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच बसवू नये. चालू-बंद आणि उलट-सुलट ही कामे ड्राइव्हच्या कमी व्होल्टच्या कंट्रोल टर्मिनलवरून करावीत. ड्राइव्ह बंद पेटीत ठेवावा, किसापासून दूर, पण हवा खेळेल असा. वीज तोडल्यावरही त्याच्या आतल्या कंडेन्सरमध्ये काही मिनिटे मारक चार्ज असतो. फिल्टरमधून गळणाऱ्या करंटमुळे घरचा आरसीसीबी ट्रिप होतो, तेव्हा काही जण अर्थिंगची तार काढून टाकतात. तसे कधीही करू नये. ड्राइव्हसाठी योग्य जातीचा आरसीसीबी लावावा.

थांबण्याचा वेळही विचारपूर्वक भरावा. एमएल७ सारख्या लेथवर चक स्पिंडलच्या आट्यांवर स्क्रूने बसते. ड्राइव्हने एका सेकंदात जोरात ब्रेक लावला किंवा लगेच उलट दिशा दिली, तर जड चक जडत्वाने सुटून खाली येऊ शकते. अशा लेथला तीनचार सेकंदांचा उतार द्यावा. चकवर कोरलेला कमाल वेग ड्राइव्हच्या कमाल हर्ट्झमध्ये बांधून टाकावा, म्हणजे नॉब चुकून फिरला तरी तो ओलांडला जात नाही.

वीज जाऊन येणे हे आपल्याकडे रोजचे. साध्या स्विचवर चालणारा लेथ वीज परतल्यावर स्वतःहून सुरू होतो, आणि त्या वेळी चकची किल्ली चकमध्ये किंवा हात जॉबवर असू शकतो. सिंगल फेज मोटरला म्हणूनच कॉइलवाला स्टार्टर लावावा, जो वीज गेल्यावर सुटतो आणि हिरवे बटण दाबल्याशिवाय पुन्हा जुळत नाही. त्यातला ओव्हरलोड रिले मोटरच्या करंटवर लावून घ्यावा. व्हीएफडीत आपोआप पुन्हा सुरू होण्याचा पर्याय असतो, तो बंद ठेवावा. लाल बटण हेडस्टॉकच्या डाव्या टोकाला, मोटरजवळ बसवण्याची पद्धत दिसते, पण तिथे पोचायला फिरत्या चकवरून हात न्यावा लागतो. ते टेलस्टॉकच्या बाजूला, उभ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर हवे.